जमाखर्च लिहिण्याचा घरगुती धंदा



धंदा हा शब्द काढला कीं आपल्या मध्यमवर्गीय घरांत प्रथम दोन गोष्टी डोळ्यांपुढें येतात : दुकान आणि भांडवल. या दोन्ही जवळ नसल्या कीं आपण धंद्याचा विचारच सोडून देतों. आज ज्या धंद्याविषयीं बोलावयाचें आहे त्याला दुकान लागत नाहीं, आणि भांडवलहि नांवापुरतेंच लागतें. घरांतलें एक टेबल, एक साधा संगणक, कुलूप असलेलें एक कपाट आणि रोजचे तीन-चार तास एवढ्यावर तो सुरू करतां येतो. दुसऱ्याचा जमाखर्च लिहून देणें हा तो धंदा. त्यासाठीं गिऱ्हाईक शोधीत दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. शुक्रवार, सदाशिव किंवा कसबा पेठेंत राहणाऱ्याला तें पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. तें आहे मंडईंत.

यावर कोणी म्हणेल, मंडईंतल्या माणसाला हिशेब कोण शिकविणार? आक्षेप अगदीं रास्त आहे. सव्वा किलो गवार, अर्धा किलो तोंडलीं, कोथिंबिरीच्या दोन जुड्या आणि पांचशेंच्या नोटेंतून परत किती, हें गाळ्यावरची बाई पिशवी हातांत देण्याआधींच सांगून मोकळी होते. आपण मात्र मोबाईल काढून बेरीज करीत बसतों. अशा तोंडी हिशेबाचा मान एकदां मोठ्या ठिकाणींहि राखावा लागला आहे. सातारा जिल्ह्यांतील म्हसवड येथें चेतना गाला सिन्हा यांनीं स्त्रियांची सहकारी बँक काढण्यासाठीं अर्ज केला, तेव्हां प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून रिझर्व्ह बँकेनें तो नाकारला. त्या स्त्रियांनीं अक्षरें गिरविण्यास सुरुवात केली आणि अधिकाऱ्यांपुढें जाऊन सांगितलें कीं, वाचतां येत नसलें तरी आम्हांला मोजतां येतें. व्याजाचा हिशेब घाला, आम्ही तोंडी करतों, आपल्या अधिकाऱ्यांनीं तो यंत्राशिवाय करून दाखवावा. १९९७ सालीं माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

तेव्हां मोजण्याची कला मंडईला शिकवावयाची नाहीं. उणीव आहे ती लिहिण्याची. तोंडी हिशेब कितीहि पक्का असला तरी तो दुसऱ्याला दाखवितां येत नाहीं, आणि गेल्या महिन्याच्या हिशेबाशीं ताडूनहि पाहतां येत नाहीं. दिवस मावळला कीं तो दिवसाबरोबर जातो.

वास्तविक पुण्याला लिहिलेल्या हिशेबाचें वावडें कधींच नव्हतें. पेशवे दप्तरांत रुमालांत बांधून ठेवलेले मोडी कागद पाहिले कीं ध्यानांत येतें कीं, या शहरानें राज्याचा जमाखर्च रोजच्या रोज लिहिला. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द आपल्या घरचेच आहेत. फडणीस हें आडनांवहि त्याच कामावरून पडलें. पुढें व्यापारी पेढ्यांवर दिवाणजी आले. लाल बांधणीची लांबट वही, रेघांच्या ऐवजीं कागदाला घातलेल्या घड्यांचे सळ आणि दिवाळींतलें वहीपूजन हें त्यांचें जग. पण दिवाणजी असे तो मोठ्या पेढीवर. किरकोळ विकणाऱ्याला तो कधींच परवडला नाहीं. आज घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डांत गेला आहे आणि मंडईंत राहिला आहे तो हाच किरकोळ विक्रेता. त्याच्याजवळ गल्ला आहे, तारेंत ओवलेल्या चिठ्ठ्या आहेत, आणि अलीकडे मोबाईलनें पैसे घेण्याचा क्यूआर कोडहि आहे. नाहीं ती फक्त वही.

वही नसल्यानें काय बिघडतें, तें एका काल्पनिक गाळ्याच्या उदाहरणानें पाहूं. समजा, दिवसाची विक्री ६,००० रुपये झाली आणि माल ४,७०० रुपयांचा आणलेला होता. संध्याकाळीं मालकाच्या मनांत १,३०० रुपये नफा झाला असतो. परंतु टेंपो व हमाली यांचे २५०, मदतनिसाची मजुरी ४००, आणि गाळ्याचें भाडें, वीज व पिशव्या मिळून १५० असे ८०० रुपये त्यांतून जावयाचे आहेत. खरे उरले ५००. घरखर्चाला मात्र त्यानें ६०० उचलले. रोजच्या या शंभर रुपयांना कोणी तोटा म्हणत नाहीं, कारण गल्ला तर भरलेला दिसतो. पण महिन्याचे २६ दिवस धरले तर २,६०० आणि चार महिन्यांत १०,४०० रुपये भांडवलांतून नाहींसे होतात. मग एके पहाटे यार्डांत माल उचलण्यास पैसे कमी पडतात आणि धंदा मंदावला असें तो म्हणतो. वस्तुतः धंदा मंदावलेला नसतो. भांडवल घरानें खाल्लेलें असतें. दोष मालकाच्या अकलेचा नव्हे. ही गोष्ट त्याला दाखविणारा कागदच नव्हता.

यापुढची पायरी कर्जाची. रोजच्या हप्त्याचें कर्ज साधारण अशा धर्तीचें असतें : हातांत ९,००० मिळावयाचे आणि दररोज १०० याप्रमाणें १०० दिवस भरावयाचे. नऊ हजारांवर एक हजार, म्हणजे फार नाहीं, असें वाटतें. परंतु फेड रोज होत असल्यामुळें कर्जदाराजवळ सरासरीनें निम्मीच रक्कम राहते. साडेचार हजारांवर शंभर दिवसांत एक हजार, म्हणजे सालीना सुमारें ८० टक्के व्याज झालें! मंडईबाहेरच्या पथारीवाल्यांसाठीं सरकारनें २०२० सालीं स्वनिधि योजना काढली. तींत आरंभीं १०,००० रुपयांचें बिनतारण कर्ज मिळे. २०२५ सालीं ही पहिली रक्कम १५,००० करण्यांत आली. तें वेळेवर फेडलें म्हणजे पुढचें कर्ज वाढत्या रकमेचें मिळतें आणि व्याजांत ७ टक्के सवलतहि असते. पण त्याच्या पलीकडे, गाळा वाढविण्यासाठीं किंवा टेंपो घेण्यासाठीं, बँकेच्या दारांत गेलें कीं पहिला प्रश्न येतो : धंद्याचे आंकडे काय? तेथें तोंडी उत्तर चालत नाहीं.

वही नसल्याचा दुसरा धोका याहून नवा आहे. २०२५ च्या जुलै महिन्यांत शेजारच्या कर्नाटकांत व्यापारी कराच्या खात्यानें मोबाईलवरून आलेल्या रकमा पाहून हजारों लहान दुकानदारांना नोटिसा धाडल्या. हावेरी येथील एका भाजीवाल्याला चार वर्षांच्या सुमारें १ कोटि ६३ लाखांच्या व्यवहारावर सुमारें २९ लाखांची मागणी आली. ताज्या, प्रक्रिया न केलेल्या भाजीवर जीएसटी नाहीं, ही गोष्ट खरी. पण खात्यांत आलेल्या रकमेवर ती कोबीची कीं काजूची हें लिहिलेलें नसतें. पुढें त्या सरकारला माघार घ्यावी लागली, तरी मधले दिवस त्या दुकानदारांनीं कसे काढले असतील याची कल्पनाच केलेली बरी. आपल्याकडे मंडईच्या आसपास भाजीच्या गाळ्याला लागून सुका मेवा, मसाले, पूजेचें सामान यांचीं दुकानें आहेत, आणि एकाच घरांत दोन्ही धंदे असणेंहि अशक्य नाहीं. कोणती रक्कम कशाची, हें त्याच दिवशीं लिहिलें गेलें तर तें दहा मिनिटांचें काम; चार वर्षांनीं शोधावयाचें म्हटलें तर तें कोणालाच शक्य नाहीं.

म्हणजे लिहून देणाऱ्याची गरज आहे, यांत संशय नाहीं. परंतु धंदा सुरू करण्यापूर्वीं एका जुन्या गोष्टीची आठवण ठेवणें अवश्य आहे. १२ मे १८७५ रोजीं याच पुणें जिल्ह्यांत, सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या हस्तगत करून जाळल्या. त्यांचा राग कागदावर होता. ती वही त्यांच्याविषयीं लिहिलेली होती, पण त्यांना ती वाचतां येत नव्हती; काय लिहिलें आहे हें लिहिणाराच सांगणार, आणि लिहिणारा सावकाराचा. म्हणूनच १८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांसंबंधींच्या कायद्यानें ऋणकोला पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला.

हीच व्यथा जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत मांडली : ज्याला वाचतां येत नाहीं त्याला लेखणीवाला नाडतो. जोतीराव स्वतः फुलांच्या व्यापारांतल्या घराण्यांतले आणि कंत्राटदारीचा धंदा केलेले होते. हिशेबाचें मोल त्यांना दुसऱ्यानें सांगावयास नको होतें. नगरपालिकेचे सभासद असतांना नव्या मंडईच्या खर्चाला त्यांनीं विरोध केला, कारण तो पैसा आधीं शिक्षणाकडे जावा असें त्यांचें म्हणणें होतें. मंडईची इमारत १८८६ सालीं उभी राहिली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव मिळालें. पुढें आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें तिला जोतीरावांचें नांव देण्यांत आलें. त्यांच्या नांवाच्या मंडईंत लेखणी घेऊन जाणाऱ्या सुशिक्षितानें हा इतिहास विसरतां कामा नये. तोंडी हिशेब दाखवितां येत नाहीं, पण लिहिलेला हिशेब लपवितां येतो. म्हणून या धंद्याचें पहिलें कलम असें : वही लिहावयाची ती गिऱ्हाइकाला वाचून दाखविण्यासाठीं.

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं.

आरंभ एकाच गिऱ्हाइकापासून करावा. पहिलें काम लिहिण्याचें नव्हे, वेगळें करण्याचें आहे. बहुतेक लहान विक्रेत्यांचें दुकानाचें आणि घराचें बँकेंतलें खातें एकच असतें. त्यांत भाजीचे पैसे येतात, भाचीच्या लग्नाचा आहेर जातो, भिशीचा हप्ता जातो. क्यूआर कोडचे पैसे ज्या खात्यांत येतात तें केवळ दुकानाचें असावें, आणि घरखर्चाला ठराविक वारीं ठराविक रक्कम उचलावी, एवढी शिस्त लागली कीं निम्मा जमाखर्च आपोआप लिहिला जातो.

त्यानंतर तीन वह्या : रोजकीर्द, उधारीची खतावणी आणि देण्याची खतावणी. उधारी मंडईंत महत्त्वाची आहे. खानावळी आणि उपाहारगृहें माल रोज नेतात व पैसे आठवड्यानें किंवा महिन्यानें देतात. वह्या कागदाच्या असोत कीं संगणकांतल्या, तत्त्व तेंच. इटलींतील लुका पाचोली या भिक्षूनें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या ग्रंथांत वर्णिलेली दुहेरी नोंदीची पद्धत आजचें टॅलीहि पाळतें. दर रात्रीं गिऱ्हाइकानें खरेदीच्या चिठ्ठ्यांचीं छायाचित्रें मोबाईलवरून पाठवावीं आणि गल्ल्यांतील रोकड मोजून कळवावी. आपण सकाळीं नोंदी कराव्या. आठवड्यांतून एकदां, दुपारीं गर्दी ओसरल्यावर, स्वतः गाळ्यावर जावें. छायाचित्रांत नासलेली भाजी दिसत नाहीं; टोपलींत दिसते.

महिन्याच्या शेवटीं रोकड, बँकेचें खातें आणि वही यांचा ताळा घालावा. लागोपाठ दोन महिने ताळा जमल्याखेरीज दुसरें गिऱ्हाईक घेऊं नये. आणि मग तें वाचन. पंधरा मिनिटें पुरतात. किती आलें, किती गेलें, लोकांकडे किती अडकलें, आपण किती देणें लागतों, असे चारच आंकडे सोप्या मराठींत सांगावे. “ताई, मला यांतलें कांहीं कळत नाहीं, तुम्हीच ठेवा,” असें मालक म्हणेल. तेथें संकोचानें गप्प बसूं नये. “दादा, वही तुमची आहे, मी फक्त लिहून देतें,” असें सांगून पुन्हां वाचावें. घरानें भांडवल खाल्लें असेल तर तेंहि सांगावें. अप्रिय सत्य सौम्य शब्दांत सांगणें ज्याला जमत नाहीं, त्यानें या धंद्यांत पडूं नये. उधारी टिपणारीं ॲपें हल्लीं फुकट मिळतात. तीं नोंद ठेवतील, पण रोज शंभर रुपये झिजत आहेत हें समोर बसून सांगणार नाहींत. आपला मेहनताना आहे तो त्या सांगण्याचा.

मेहनताना ठरवितांना उलाढालीकडे न पाहतां स्वतःच्या वेळाकडे पाहावें. एका वहीला रोज २० मिनिटें धरलीं तर २६ दिवसांचीं ५२० मिनिटें, म्हणजे ८ तास ४० मिनिटें होतात. ताळा आणि वाचन यांना आणखी दोन तास. दरमहा ८० तास देणाऱ्या गृहिणीला किंवा निवृत्त गृहस्थांना सात गिऱ्हाइकें ही मर्यादा समजावी. आठवें घेतलें कीं कोणाचा तरी ताळा राहतो. नफ्याच्या टक्केवारीवर मेहनताना कधींहि ठरवूं नये. मग आंकडा फुगविण्याचा मोह आपल्यालाच होतो.

सरकारी सोपस्कार थोडे आहेत. दहांहून कमी माणसें असलेल्या आस्थापनेला महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यान्वयें केवळ सूचना द्यावी लागते. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आंत असेपर्यंत सामान्यतः जीएसटीची नोंदणी लागत नाहीं. गिऱ्हाइकाच्या बाजूनें पाहतां, केवळ माल विकणाऱ्याला ही मर्यादा ४० लाखांची आहे, आणि फक्त करमुक्त ताजी भाजी विकणाऱ्याला नोंदणीच लागत नाहीं. प्राप्तिकरांत लहान व्यापाऱ्याला उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँकेमार्फत आलेल्या रकमेवर ६ टक्के, हा नफा धरून विवरण देण्याची सोय आहे; तेथें वह्यांची सक्ती नाहीं. परंतु कायद्याला वही नको असली म्हणून मालकाला ती नको असें होत नाहीं. मघांच्या उदाहरणांतले रोजचे शंभर रुपये कोणत्याहि विवरणपत्रांत दिसले नसते.

आपली मर्यादाहि ओळखावी. जमाखर्च लिहिण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं; पण कायद्यानें लागणारें लेखापरीक्षण सामान्यतः सनदी लेखापालानेंच करावयाचें असतें. तेव्हां तशा एखाद्या लेखापालाशीं आरंभापासून संबंध ठेवावा आणि अवघड प्रश्न त्याच्याकडे न्यावे. त्यांत कमीपणा नाहीं.

राहिल्या दोन गोष्टी, आणि धंदा तरतो किंवा बुडतो तो त्यांवरच. पहिली गुप्तता. मंडईंत एकच माल विकणारे दोघे शेजारीं बसतात. दोघांच्याहि वह्या आपल्या कपाटांत असूं शकतात. एकाचा खरेदीचा भाव दुसऱ्याला सहज बोलतांना कळला तर दोघेहि जातील, आणि जावेंच. धंदा घरांत असल्यामुळें हें पथ्य घरच्या सर्वांना आहे. जेवतांना गिऱ्हाइकाचें नांव निघतां कामा नये. कपाटाला कुलूप आणि संगणकाला स्वतंत्र संकेतशब्द, हा खर्च नव्हे, भांडवल आहे.

दुसरी गोष्ट दुसऱ्या वहीची. कधीं ना कधीं कोणी तरी विचारतोच : बँकेसाठीं जरा फुगवून आणि करासाठीं जरा आंखडून अशा दोन वह्या कराल काय? हा प्रश्न येण्याची वाट न पाहतां पहिल्याच दिवशीं सांगून टाकावें कीं, वही एकच होईल, आणि ती बँकेला, करखात्याला व तुम्हांला सारखीच दिसेल. यानें एखादें गिऱ्हाईक जाईल. पण खोट्या वहीवर कर्ज मिळालें तरी फेडावें लागतें तें खऱ्या गल्ल्यांतून. फुगविलेल्या आंकड्यावर मोठें कर्ज घेतलेला माणूस पुन्हां त्याच रोजच्या हप्तेवाल्याच्या दारीं जातो. त्याला तेथें पोंचविण्याचें पाप मात्र लेखणीवाल्याचें.

या धंद्यांत कोणी श्रीमंत होईल असें नाहीं. मार्च महिन्यांत काम अंगावर येतें आणि मेहनताना कधीं कधीं उशिरां मिळतो. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ती पेटींत ठेवलेल्या स्त्रिया आपल्या पेठांत थोड्या नाहींत, आणि बँकेंतून निवृत्त होऊन फावला वेळ घालवीत बसलेले गृहस्थहि थोडे नाहींत. त्यांच्या घरापासून हांकेच्या अंतरावर पिढ्यान् पिढ्या उत्तम मोजणारीं, पण कोणाला कागद दाखवूं न शकणारीं माणसें बसलीं आहेत. या दोघांची गांठ पडली तर दोघांचाहि फायदा आहे.

आपलें काम चांगलें झालें कीं नाहीं याची परीक्षा मी अशी करीन. वर्ष-दोन वर्षें दरमहा वाचून दाखविल्यावर एखाद्या महिन्यांत गिऱ्हाईक आपल्याला मध्येंच थांबवील आणि म्हणेल, “थांबा ताई, या खानावळीचे पैसे मंगळवारीं आले आहेत, तुम्ही उधारींत दाखविलेत.” त्या दिवशीं नोंद दुरुस्त करावी आणि मनांत समाधान मानावें, वही आतां खरोखर मालकाची झाली.